पहाटे शुगर 52, सीआरपी 18: कमी शुगरने दाह वाढतो, की दाहावरच्या औषधांनी शुगर उतरते?

केवडा:

मधुमेह समुपदेशनासाठी येणाऱ्या एका पेशंटबद्दल विचारायचं आहे. माहिती सगळी देते, म्हणजे अंदाजाने उत्तर द्यावं लागणार नाही. (शुगरचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर.)

बाई, वय 62, वजन 54 किलो. टाइप 2 मधुमेह 14 वर्षांपासून. ग्लिमेपिराइड 2 + मेटफॉर्मिन 500 + वोग्लिबोज 0.2 अशी एकत्र गोळी, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. यंदा आमवाताचं (र्‍हुमॅटॉइड) निदान झालं. प्रेडनिसोलोन 20 मिग्रॅ सकाळी सुरू झालं, पाच आठवड्यांत उतरवत आता 5 वर आहे. सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन 300 मिग्रॅ आणि दुखेल तेव्हा डायक्लोफेनॅक, म्हणजे जवळजवळ रोजच. स्टेरॉइडवर दुपारची शुगर 290 गेली तेव्हा रात्री ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) 14 युनिट जोडलं, ते तसंच चालू आहे.

गेल्या दहा दिवसांत पहाटे चारच्या सुमारास 58, 61 आणि 52. मानेला घाम, सकाळी डोकं जड. एकदा घरच्यांनी दोन पेढे दिले, अर्ध्या तासाने शुगर 59.

रिपोर्ट: एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) 7.4, हिमोग्लोबिन 9.8, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) 1.3, आणि दाह दाखवणारे दोन आकडे, सीआरपी 18, ईएसआर 64.

घरच्यांनी कुठेतरी वाचलं की शुगर लो झाली की अंगात दाह वाढतो, आणि आता त्यांना वाटतंय की सीआरपी त्यामुळेच वाढलाय. यात तथ्य किती? आणि पहाटेच्या या लो मागे नक्की काय असावं?

कडुलिंब:

प्रश्न नीट मांडलात, त्यामुळे उत्तर बरंच सोपं झालं. आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. दाह स्वतः शुगर उतरवत नाही, चढवतो. सांधे पेटलेले असतात तेव्हा टीएनएफ-अल्फा, आयएल-6 वगैरे दाह वाढवणारे पदार्थ इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात आणि तेवढ्याच इन्सुलिनमध्ये शुगर जास्त राहते. त्यामुळे लो शोधायचा तो दाहात नाही, दाहावरच्या उपचारात. इथे तर एकाच वेळी पाच-सहा गोष्टी शुगरला खाली ओढताहेत.

सगळ्यात मोठी गोष्ट स्टेरॉइडची. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपारपासून संध्याकाळपर्यंत शुगर चढवतं, रात्री त्याचा जोर ओसरतो आणि पहाटेची शुगर बऱ्याचदा नॉर्मलच्या जवळ असते. म्हणजे चढ दुपारचा आणि त्यावर दिलेलं ग्लार्जिन रात्रीचं. 20 मिग्रॅवर असतानाही ही जोडी फारशी जुळत नव्हती, 5 वर आल्यावर तर ग्लार्जिनला रात्री करायला दुसरं काम उरलेलंच नाही. स्टेरॉइड आठवड्याला 5 मिग्रॅने उतरत असेल तर दर टप्प्याला इन्सुलिन साधारण 20 ते 25 टक्के कमी करावं, हा ठोकताळा आहे. 14 युनिट पाच आठवडे तसंच राहिलं, ही इथली मुख्य चूक. ती डॉक्टरांना आजच कळवा, पुढच्या तपासणीची वाट बघू नका.

त्यात दाह कमी झाला की इन्सुलिनला होणारा विरोधही कमी होतो, म्हणजे जुना डोस आपोआप जास्त ठरतो. संध्याकाळच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड रात्रभर स्वादुपिंडातून इन्सुलिन काढत राहतं, शुगर 60 असली तरी. पेशंट जेवलाय की झोपलाय, हे त्याला कळत नाही.

आणि मूत्रपिंड. 1.3 हा आकडा दिसायला किरकोळ वाटतो, पण 62 वर्षांच्या 54 किलोच्या बाईंमध्ये ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळतं तो आकडा) साधारण 46 येतो. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडचे घटक दोन्ही अंगात जास्त वेळ रेंगाळतात. रोजचं डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतं, म्हणून आधी ते थांबवण्याबद्दल विचारा. जुना रिपोर्ट असेल तर क्रिएटिनिन डायक्लोफेनॅक सुरू होण्याआधी किती होतं ते बघा.

शेवटचं कारण सहसा कोणी शोधत नाही. तीन आठवड्यांहून जास्त स्टेरॉइड घेतलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अॅड्रेनल) ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं मंदावतात. गोळी उतरताना कॉर्टिसॉल अपुरं पडलं की पहाटेची शुगर आणखी घसरते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, बीपी कमी, गळून गेल्यासारखं वाटणं यातलं काही असेल तर सकाळी आठच्या सुमारास, त्या दिवशीची प्रेडनिसोलोन घेण्याआधी, कॉर्टिसॉल तपासतात. शुगर लो होते म्हणून किंवा आता फक्त 5 तर राहिलंय म्हणून कोणी घरच्या घरी प्रेडनिसोलोन बंद करू नये. त्याने लो वाढतील.

एचबीएवनसी 7.4 पाहून 'कंट्रोल छान आहे' असं मात्र म्हणू नका. दुपारचे 250 आणि पहाटेचे 55 यांची सरासरी काढली की आकडा देखणाच येतो. शिवाय हिमोग्लोबिन 9.8 असताना या तपासणीवर भिस्त ठेवता येत नाही. लोह कमी असेल तर ती खोटी जास्त दाखवते, म्हणजे खरी सरासरी याहूनही खाली असू शकते.

सूक्ष्मदर्शी:

कडुलिंब यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. घरच्यांनी वाचलं त्यात तथ्य आहे का, त्याबद्दल लिहितो. तथ्य आहे, फक्त ते सीआरपी 18 च्या संदर्भातलं नाही.

शुगर 70 च्या खाली घसरू लागली की शरीर ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं. घाम, थरथर, धडधड ही अ‍ॅड्रेनॅलिनची. तेच अ‍ॅड्रेनॅलिन रक्तवाहिन्यांच्या भिंतींना आणि प्लीहेत विसावलेल्या पांढऱ्या पेशींना प्रवाहात ढकलतं. म्हणून लो झाल्यावर लगेच घेतलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. जंतुसंसर्ग नसतानाही.

हे प्रयोगात कसं तपासतात ते माहीत असावं. एका शिरेतून इन्सुलिन, दुसरीतून ग्लुकोज असं दोन्ही ठिबकत ठेवून शुगर हव्या त्या आकड्यावर धरतात: आधी नॉर्मलला, मग 50 च्या आसपास. नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या गटाने अशा पद्धतीने शुगर खाली नेऊन नंतर पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी आठवडाभर वाढलेल्या राहिल्या. मोनोसाइटना बाहेर काढून चेतवलं तर त्यांनी दाह वाढवणारे टीएनएफ-अल्फा आणि आयएल-1 बीटा जास्त सोडले, दाह शमवणारं आयएल-10 कमी. रक्तातली दाहाशी निगडित अनेक प्रथिनंही वाढली आणि त्यातली बरीचशी आठवडाभर तशीच होती. शुगर मात्र प्रयोग संपल्यावर लगेच नॉर्मल झाली होती!

तुमच्या पेशंटसाठी याचा अर्थ असा की दहा दिवसांत तीन लो म्हणजे एकाचा परिणाम ओसरण्याआधी दुसरा. रक्त गोठण्याकडे झुकतं, बिंबाणू (प्लेटलेट) चिकट होतात, रक्तवाहिनीच्या अस्तरावर पेशींना धरून ठेवणारे रेणू वाढतात. मधुमेह आणि आमवात या दोन्हींमध्ये हृदयविकाराचा धोका आधीच जास्त असतो, म्हणून हे लो 'साखर खाल्ली, बरं वाटलं' म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत.

पण सीआरपी 18 चा दोष लोवर टाकू नका. त्या प्रयोगांत वाढ दिसते ती एचएस-सीआरपीवर, जी तपासणी 1 ते 3 या पट्ट्यातले बारीक फरक मोजते. 10 च्या वर गेलं की संसर्ग किंवा आमवातासारखं ठळक कारण शोधायचं असतं, आणि या बाईंमध्ये ते समोर आहे. ईएसआर 64 मध्ये वयाचा आणि कमी हिमोग्लोबिनचाही वाटा आहे.

एक कळकळीची सूचना. रक्त काढायच्या आदल्या रात्री किंवा त्या पहाटे लो झाला असेल तर तसं तपासणीच्या कागदावर लिहा. पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या की कोणीतरी संसर्ग समजून अँटिबायोटिक देतं. (स्टेरॉइडनेही न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात, ते वेगळंच.) आमवात किती धुमसतोय हे सुजलेले आणि दुखरे सांधे मोजून ठरतं. फक्त सीआरपी बघून स्टेरॉइड पुन्हा चढवलं तर ग्लार्जिनही पुन्हा चढेल आणि सगळं चक्र पहिल्यापासून सुरू होईल.

खलबत्ता:

पेढ्यांबद्दल कोणी बोललं नाही, पण तिथे खरा धोका आहे.

या गोळीत वोग्लिबोज आहे. आतड्यात साखरेचे म्हणजे सुक्रोजचे तुकडे करणारं विकर ते अडवतं, तोच त्याचा उपयोग. त्यामुळे लो झाल्यावर साखर, गूळ, पेढा, सरबत काहीही दिलं तरी त्यातलं ग्लुकोज वेळेवर सुटत नाही. पेढ्यात वरून खव्याची चरबी, तिने जठर आणखी सावकाश रिकामं होतं. अर्ध्या तासाने 59 हा त्याचाच परिणाम. वोग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना लोमध्ये ग्लुकोजच द्यायचं. औषधाच्या दुकानातली साधी ग्लुकोज पावडर घ्या. संत्री-लिंबू स्वादाच्या डब्यांत बहुधा साखर मिसळलेली असते, मागची घटकांची यादी वाचा.

प्रमाण: 15 ग्रॅम ग्लुकोज अर्धा कप पाण्यात, 15 मिनिटं थांबून बोटाची शुगर. 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. पहिलाच आकडा 54 च्या खाली असेल तर 20 ग्रॅम. चमच्याचा अंदाज पहाटे चार वाजता चुकतो, म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर 15-15 ग्रॅमचे भाग आधीच करून ठेवा. 70 च्या वर आल्यावर पुढचं जेवण तासाभराहून लांब असेल तर अर्धी भाकरी किंवा पोळी आणि दूध. ग्लिमेपिराइडचा लो एकदा उठून पुन्हा बसतो, म्हणून तासाभराने परत मोजा आणि पुढचे 24 तास लक्ष ठेवा. सारखा सारखा उतरत असेल तर घरी बसू नका, दवाखान्यात ठिबक लागते.

आणि आमवाताच्या पेशंटबाबत हे कोणी सांगत नाही: पहाटे बोटं आखडलेली असतात. घट्ट झाकणाचा डबा किंवा प्लॅस्टिकची पुडी त्यांना फोडता येत नाही, त्यात लोमुळे हात थरथरतात. ग्लुकोजचा भाग सैल झाकणाच्या वाटीत, शेजारी पाण्याचं भांडं आणि चमचा, असं उशाशी ठेवा.

आता औषधं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन स्वतः शुगर उतरवतं. इतकं की भारतात 2014 मध्ये ते टाइप 2 मधुमेहावर जोडऔषध म्हणून मंजूर झालं. डोसची मर्यादा रोज किलोमागे 5 मिग्रॅ, म्हणजे 54 किलोला 270. 300 ही मर्यादा ओलांडतं, आणि मूत्रपिंड मंद असताना तर जास्तच. सांधेतज्ज्ञांच्या नजरेस आणून द्या. अर्धायुष्य 40 दिवसांच्या आसपास असल्याने डोस कमी केला तरी परिणाम आठवडे रेंगाळतो, उद्यापासून फरक पडेल असं धरू नका.

अँटिबायोटिकचाही उल्लेख वर आलाय. लिव्होफ्लॉक्सासिन, को-ट्रायमॉक्साझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही ग्लिमेपिराइडसोबत लो घडवतात. गॅटिफ्लॉक्सासिनवर तर शुगरच्या अशाच गडबडीमुळे 2011 मध्ये भारतात बंदी आली. दुसरं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लिव्होफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि खुद्द कमी शुगर, हे सगळे ईसीजीतला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ) लांबवतात. लोमधलं अ‍ॅड्रेनॅलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतं, त्यामुळे हृदयाचे ठोके बिघडायचा धोका आणखी वाढतो. सर्दी-खोकल्याला परस्पर दुकानातून अ‍ॅझिथ्रोमायसिन नको.

ग्लार्जिन पेनने घेतात की कुपीतून? कुपीतून असेल तर सिरिंजची टोपी बघा. लाल टोपी 40 ची (मिलीमागे 40 युनिट), नारिंगी 100 ची. ग्लार्जिन 100 च्या ताकदीचं आणि सिरिंज लाल टोपीची असेल तर 14 च्या रेघेपर्यंत भरलेलं औषध 0.35 मिली, म्हणजे 35 युनिट होतं. अडीचपट.

माळरान:

सूक्ष्मदर्शी यांच्या मुद्द्याला पुरवणी. अमेरिका-कॅनडात अ‍ॅकॉर्ड नावाच्या मोठ्या अभ्यासात 10,251 पेशंट होते. एचबीएवनसी 6 च्या खाली आणायच्या गटात मृत्यू जास्त झाले (257 विरुद्ध 203) म्हणून 2008 मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवला. शुगर जास्त पाडली की दाह होतो आणि हृदय जातं, हे तिथेच सिद्ध झालं ना?

सूक्ष्मदर्शी:

@माळरान, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष थोडा पुढचा आहे. कडक नियंत्रणाच्या गटात गंभीर लो जास्त झाले आणि मृत्यूही जास्त झाले. पण ते जास्तीचे मृत्यू लोमुळेच झाले, असं त्या अभ्यासातून सिद्ध झालेलं नाही. ज्यांना गंभीर लो होतात त्यांचं मूत्रपिंड, वय, खाणंपिणं आधीच नाजूक असू शकतं. दाहाचे प्रयोग शक्य असलेली एक वाट दाखवतात, एवढंच म्हणता येतं. व्यवहारात मात्र निर्णय तोच निघतो. या वयात, ईजीएफआर 46 असताना, दोन औषधं लो घडवणारी चालू असताना 6.5 च्या मागे लागू नये. साडेसात-आठच्या दरम्यान आणि लो एकही नाही, हे जास्त सुरक्षित.

केवडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे मुद्दे लिहून डॉक्टरांना दाखवले. त्यांनी रात्रीची ग्लिमेपिराइडवाली गोळी बंद करून नुसतं मेटफॉर्मिन ठेवलं, ग्लार्जिन 14 वरून 8 करून सकाळी दिलं, डायक्लोफेनॅकऐवजी पॅरासिटामॉल दिलं, कॉर्टिसॉल तपासायला सांगितलं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सांधेतज्ज्ञ 200 करणार आहेत.

सिरिंज तपासली, नारिंगी टोपी, म्हणजे ती बरोबर आहे. पण पोट चाचपलं तर बेंबीच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी मऊ-घट्ट गाठ लागली. इंजेक्शन रोज तिथेच. ही सुई टोचून आलेली सूज आहे का? आणि पहाटे किती दिवस मोजत राहायचं?

कडुलिंब:

लाल, गरम, दुखरी नसेल तर ती सूज नाही, इन्सुलिनने वाढलेली चरबीची गाठ आहे. त्यातून इन्सुलिन कधी निम्मं शोषलं जातं, कधी एकदम. जागा बदलायचीच, पण लक्षात ठेवा, गाठीतून चांगल्या कातडीवर आलं की तेच 8 युनिट जास्त काम करतात. डॉक्टरांना गाठीबद्दल सांगा, डोस आणखी 10 ते 20 टक्के कमी करावा लागू शकतो. पोटाचे चार भाग करा, आठवड्याला एक भाग, दोन टोचण्यांमध्ये बोटभर अंतर. सुई दर वेळी नवी. गाठ मोकळी सोडली की काही महिन्यांत विरते.

मोजण्याचं: पहिल्या सलग तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर. झोपताना 100 च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच झोपायचं. तिन्ही रात्री पहाटेचा आकडा 90 च्या वर राहिला तर मग आठवड्यातून दोनदा. प्रेडनिसोलोन पुढे उतरेल त्या प्रत्येक टप्प्यानंतर, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या बदलानंतर, पुन्हा तीन रात्री. मोजण्याआधी साबणाने हात धुवून कोरडे करायचे. बोटाला ग्लुकोजची पावडर लागलेली असेल तर मशीन खोटं 130 दाखवतं आणि खरा लो झाकला जातो. चांगल्या मशीनलाही 100 च्या खाली 15 इकडे-तिकडे इतकी सूट असते, म्हणून 72 आला आणि मानेला घाम असेल तर लोच धरा.

सेन्सर लावणार असाल तर त्या हातावर झोपू नका, दाबामुळे खोटा लो दिसतो. ग्लुकोज दिल्यावर सुधारणा बघायला बोटच टोचा, सेन्सर 5 ते 15 मिनिटं मागे असतो.

लोची जाणीव बोथट झालेली असेल (52 ला फक्त घाम, थरथर नाही, हे त्याचं चिन्ह असू शकतं) तर दोन-तीन आठवडे एकही लो होऊ दिला नाही की ती बऱ्याचदा परत येते. बीपीसाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू आहे का तेही विचारा, त्याने धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतोच.

खलबत्ता:

घरच्यांना एवढं लिहून द्या. हाका मारून डोळे उघडत नाहीत किंवा गिळता येत नाही, तर तोंडात काहीही घालायचं नाही, ग्लुकोजचं पाणीही नाही. कुशीवर वळवा, 108 ला फोन लावा, 'मधुमेह, शुगर लो, बेशुद्ध' एवढं सांगा. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज देतील, 25 टक्क्यांचं 100 मिली म्हणजे 25 ग्रॅम. ग्लिमेपिराइड पोटात आहे हे तिथे आवर्जून सांगा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या. नाहीतर शुगर 140 आली म्हणून तासाभरात घरी पाठवतात आणि पहाटे पुन्हा तेच.

केवडा:

पाकिटाचा फोटो आणि औषधांची यादी उशाशी भिंतीवर चिकटवायला सांगते. उद्या रात्रीपासून पहाटे तीनचे आकडे इथेच टाकते.